हमीदा मॅडमनी न केलेली सही

माझा बाप मिठागरावर कामाला होता. खाऱ्या पाण्यात उभं राहून राहून त्याच्या टाचा अशा फाटल्या होत्या की आई संध्याकाळी कोकमाचं तेल तापवून त्या भेगांत भरायची. मी बारावी झाले आणि कॉलेजच्या प्रवेशाला उत्पन्नाचा दाखला लागला. बाप तालुक्याला गेला, तर साहेब नव्हते. पुन्हा गेला, तेव्हा साहेब होते पण तलाठ्याचा कागद अपुरा होता. कागद पुरा केला तोवर साहेब ट्रेनिंगला गेले. प्रत्येक फेरीला कामाचा खाडा पडायचा, आणि खाड्याच्या दिवशी आमच्या चुलीवर काय चढायचं ते विचारू नका. "त्यांचा सायब हाय, पन आज न्हाय," असं घरी येऊन सांगायचा. आम्हा पोरांना हसू यायचं. त्याला नाही यायचं.

दाखला अगदी शेवटच्या घडीला मिळाला. मी कम्प्युटर घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, हे मी जिथे तिथे सांगते, इथेही सांगते. नगरपरिषदेत संगणक अभियंता म्हणून लागले तेव्हा बापाने विचारलं, "म्हंजे आता तू दाखले देनार?"

"दाखला घरबसल्या मिळेल असं करणार," मी म्हटलं.

मला ते फार सोपं वाटलं होतं. मग माझी गाठ हमीदा मॅडमशी पडली.

त्या आमच्या परिषदेच्या लेखापाल, त्यांच्या सहीशिवाय कुठलंच बिल निघत नसे. गावाचं नाव लिहीत नाही. किनाऱ्यावरचं लहान शहर आहे, नारळ-सुपारीच्या वाड्या आणि शनिवार-रविवारी पर्यटक, एवढं पुरे. मॅडम ठेंगण्या, आवाज मात्र मासळीबाजाराच्या त्या टोकाला पोचेल असा. चष्मा दोरीला बांधून गळ्यात, आणि तरी तो शोधत. टेबलावर बिनदुधाच्या चहाचा थर्मास. तो चहा कुणी मागितला तर देत, पण साखर मागितली तर म्हणत, "साखर खाजगी कंपनीत." ठेकेदार लोक पाठीमागे त्यांना 'स्पीडब्रेकर' म्हणत. मॅडमना ते ठाऊक होतं. "बरं आहे. स्पीडब्रेकरमुळे कुणी मेलं नाही अजून," म्हणायच्या.

त्यांची एक खोड होती. गटाराचं बिल आलं की त्या गटार बघायला जात, वाचनालयाच्या खुर्च्यांचं बिल आलं की खुर्चीवर जाऊन बसत. एकदा खुर्ची मोडली, मॅडम खाली आल्या, आणि खाली बसल्या बसल्याच शिपाई दत्तारामला म्हणाल्या, "बिल परत पाठव." इंजिनिअरची मोजमापाची पुस्तकं त्या वाचत, पण त्यावर विश्वास कमी, पायांवर जास्त. "मला त्यातलं कळत नाही," हे त्या लाजत नसत सांगायला. "पण वापरणाऱ्यालाही कळत नसतं. त्याला जे जमत नाही त्याचे पैसे मी का देऊ?"

मी रुजू झाल्यावर पहिल्यांदा वेबसाइटच्या देखभालीचं बिल त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी कागद उलटा केला, पालथा केला.

"हे कुठे आहे?"

"इंटरनेटवर, मॅडम."

"ते ऐकलं. उघडून दाखव."

मी माझ्या टेबलाकडे निघाले, तर म्हणाल्या, "तिकडे नको गो बाय. इथे." आणि पर्समधून आपला फोन काढला, काचेला तडा गेलेला. साइट उघडायला लागली. मॅडमनी थर्मासमधून चहा ओतला, प्यायल्या, झाकण लावलं. तेव्हा कुठे मुख्याधिकारी साहेबांचा हसरा फोटो वरून खाली उतरायला लागला. आधी केस दिसले. मग कपाळ.

"नाकापर्यंत येईतो मी रिटायर होईन," त्या म्हणाल्या, आणि बिल परत दिलं.

मला राग आला होता. वाटलं, हिला काय कळतं. मग मी स्वतः बापाच्या फोनवर ती साइट उघडून बघितली, तर तिथेही कपाळापुढे काही येईना.

आमच्याकडे वेबसाइटची एक रीत आहे. बाहेरच्या वाचकाला खोटं वाटेल, पण आहे. नवा मुख्याधिकारी आला की नवी वेबसाइट होते. जुनी दुरुस्त करत नाहीत, कारण दुरुस्तीचं लोकार्पण करता येत नाही. नवीचं करता येतं. संगणकाच्या पडद्याला लाल फीत बांधतात, साहेब कात्रीने ती कापतात, नारळ फुटतो, पेढे वाटतात, पेपरात फोटो येतो. एका लोकार्पणात नारळाचं पाणी कीबोर्डवर सांडलं आणि पुढे कितीतरी दिवस आमचा 'स' उमटत नव्हता.

जुनी साइट मात्र कुणी बंद करत नाही. ती तशीच राहते, कुठेतरी चालू. माझ्या वेळी आमच्या परिषदेच्या तीन साइट्स एकाच वेळी जिवंत होत्या, तिन्हींवर वेगवेगळे साहेब हसत होते.

दत्ताराम म्हणायचा, "बारसं झोकात, मॅडम. पन दुधाला पैसं न्हाय."

"दूध पाजलं तर फोटो कोण काढणार दत्तू?" मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आमच्या दिघीला एखाद्याचं जाळं तुटून समुद्रात गेलं ना, की म्हातारे हळहळायचे. जाळं गेलं म्हणून नाही. मालक नसला तरी जाळं मासे धरतच राहतं म्हणून. तुझ्या ह्या जुन्या साइटी तशाच आहेत. कुणी बघायला नाही, आणि धरतायत."

मला ते बोलणं तेव्हा नुसतं छान वाटलं. खरं ठरेल असं वाटलं नव्हतं.

पण मॅडम नेहमी बरोबर असायच्या असं कुणी समजू नका. सुरक्षेचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते माझ्या टेबलापाशी. साइटचा पासवर्ड म्हणजे गावाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन, आणि तो चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेला. माझ्या आधीपासूनचा. मॅडमनी ती चिठ्ठी ओढून काढली. "तौबा! तिजोरीची चावी दाराला लटकवून ठेवता?"

सरकारी तिजोरीला दुहेरी कुलूप असतं. एक चावी एकाकडे, दुसरी दुसऱ्याकडे, दोघं आल्याशिवाय उघडत नाही. मॅडमनी तोच नियम पासवर्डाला लावला. लांबलचक पासवर्ड करायला लावला, पहिला अर्धा त्यांच्याकडे, दुसरा माझ्याकडे. साइटवर साधी सूचना टाकायची तरी त्या माझ्या टेबलाशी येत, मला भिंतीकडे तोंड करायला लावत, एकेक अक्षर शोधून दाबत, मग स्वतः भिंतीकडे वळत. "हं, घाल तुझं. मी बघत नाही." कार्यालयात लोक मुद्दाम हा तमाशा बघायला यायचे.

मग एकदा मॅडम भाचीच्या लग्नाला दिघीला गेल्या, आणि त्याच दिवशी समुद्र खवळला. बोटी बंद. आमच्या साइटवर मात्र कालची सूचना झळकत होती: बोटसेवा सुरळीत. पर्यटक मुलांबाळांसकट धक्क्यावर उभे, फोन दाखवून तिकीटवाल्याशी भांडतायत. मी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, तुमचा अर्धा सांगा."

"फोनवर सांगायचा नाही असा नियम आहे."

"नियम तुम्हीच केलाय!"

"म्हणूनच मोडत नाही."

"मॅडम, धक्क्यावर मारामारी होईल."

तेव्हा त्या बोलायला लागल्या, पण रेंज अशी की एक अक्षर ऐकू येई, दुसरं नाही. शेवटी त्यांनी मंडपातला बँड थांबवायला लावला आणि ओरडून ओरडून सांगितला. त्या 'मोठा एम' म्हणाल्या की मागून कुणीतरी म्हातारी विचारत होती, "कोन मोठा? कोनाचा मोठा?"

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, पर्सही न ठेवता माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "बदल तो आत्ताच्या आत्ता. अख्ख्या वऱ्हाडाला पाठ झालाय." आणि मग, खुर्ची ओढून, "माझंच चुकलं गो. चावी एवढी लपवायची नाही की आग लागली तरी दार उघडू नये." तेव्हापासून माझा एक पासवर्ड, त्यांचा वेगळा, आणि कोण कधी आत गेलं त्याची नोंद आपोआप. मी तेच आधी सांगत होते. पण त्यांनी ते लग्नात शिकून घेतलं, त्याला इलाज नव्हता.

हसण्यासारखं होतं ते एवढंच. पुढचं तसं नाही.

सुनंदाकाकी म्हणून एक बाई आहेत, वाडीत दोन खोल्या बांधून पर्यटकांना देतात, घावने आणि माशाचं कालवण करून घालतात. नवरा नाही, सगळं त्या खोल्यांवर. ऐन सुट्टीच्या दिवसांत परिषदेने त्यांचं नळ कनेक्शन तोडलं. पाणीपट्टी थकली म्हणून. काकी फोन उगारूनच कार्यालयात शिरल्या.

"थकली? मी फोनवर भरली! ही बघा! तुमच्याच साहेबाचा फोटो हाय न्हाय का वर?"

फोटो होता. पण तीन साहेबांपूर्वीचा. ती आमची सगळ्यांत जुनी साइट. तिचं नाव कुणाकडे आहे ते मी शोधून काढलं. साइटच्या नावाचं दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. सरकारी पत्ता घ्यायला कागदपत्रं लागतात, वेळ लागतो. लोकार्पणाची तारीख ठरलेली असते. म्हणून त्या वेळच्या ठेकेदाराने बाजारातलं साधं नाव घेतलं होतं, तेही स्वतःच्या नावावर. पुढे त्याचं काम संपलं, त्याने नूतनीकरण केलं नाही. ते नाव कुणीतरी उचललं. साइट होती तशीच उभी केली, साहेबांच्या हसण्यासकट, आणि पाणीपट्टी भरायचं बटण तेवढं आपल्या खात्याला जोडलं. काकी एकट्या नव्हत्या. मग रोज एकेक जण यायला लागला.

मुख्याधिकारी म्हणाले, "लोकांनी नीट बघून भरायला पाहिजे."

मॅडम काकींना घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. तक्रार होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. परत आल्यावर पाणी विभागाला म्हणाल्या, "नळ जोडा. जबाबदारी माझी." नळ जोडला गेला. पैसे परत मिळतील का, असं काकींनी विचारलं तेव्हा मात्र मॅडम थर्मासचं झाकण फिरवत राहिल्या.

नेमकी तेव्हाच आताच्या साहेबांची नवी, चौथी साइट तयार झाली होती. त्यावर जन्म-मृत्यूचे दाखले, कर, तक्रारी, सगळं. निधी मार्चअखेर खर्च झाला नाही तर परत जाणार होता. कंपनीचा केतन नावाचा मुलगा पेढ्यांचा बॉक्स घेऊनच बिल मागायला आला. मॅडमनी दोन गोष्टी मागितल्या. साइटची सुरक्षा बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्या, आणि नवं-जुनं प्रत्येक नाव परिषदेच्या नावावर करून द्या.

"मॅडम, तपासणी नंतर करू ना. आधी लाइव्ह जाऊ."

"आधी पूल, मग खांब?"

"अहो, साइट एकदम सेफ आहे."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "वैशाली, उघडून दाखव."

चाचणीसाठी त्यांनी आमच्याकडचे खरेच अर्ज साइटवर चढवले होते, मी त्यातल्या एकाचं पान उघडलं. पत्त्याच्या ओळीत शेवटी अर्जाचा क्रमांक दिसत होता. मी त्यातला एक आकडा बदलला, बस. पडद्यावर दुसऱ्याच कुणाचा अर्ज आला. एका बाईने नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मागितला होता. आधार कार्ड, फोन नंबर, दवाखान्याचा कागद, खाली अंगठा.

मॅडमनी पुढे होऊन पडद्यावर हात ठेवला. पंजा लहान, पूर्ण झाकला जाईना. "बंद कर. आपल्याला बघायचा हक्क नाही."

केतन म्हणाला, "पण असं आकडा बदलून कोण बघणार, मॅडम?"

"सुनंदाकाकींचे पैसे ज्याने नेले तो," त्या म्हणाल्या. आणि पेढ्यांचा बॉक्स त्याच्याकडे सरकवला.

मार्च संपत आला तसं कार्यालय मॅडमवर उलटलं. मुख्याधिकाऱ्यांनी बोलावून आधी गोडीत सांगितलं, मग आवाज चढवला. "निधी परत गेला तर जबाबदारी निश्चित होईल. तुमची निवृत्ती तोंडावर आहे. चौकशी लागली तर पेन्शन अडकते, माहीत आहे ना?" मॅडमना माहीत होतं, दुसऱ्यांच्या पेन्शनच्या फायली त्याच करत आल्या होत्या. घरी त्यांच्या मियाँना डायलिसिस चालू होतं, हेही सगळ्यांना माहीत होतं. दत्ताराम मला म्हणाला, "बाय, तुमी सांगा त्यांना. एक सही तर हाय."

मी सांगायला गेले. त्या खिडकीशी उभ्या होत्या.

"मॅडम, करून टाका. मी मागून दुरुस्त करून घेईन त्यांच्याकडून."

"पैसे गेल्यावर तुझा फोन उचलतील?"

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"थकले गो मी," त्या म्हणाल्या. "रस्त्याला खड्डा पडला तर माणूस आपटतो, शिव्या तरी घालतो. हा खड्डा दिसतच नाही. आत पडलेल्यालाही कळत नाही आपण पडलोय. मग शिव्या कोण घालणार? मी तरी कुणाच्या जिवावर भांडू?" मग म्हणाल्या, "मियाँ म्हणतात, कर सही. तू म्हणतेस, कर. मीही रात्रभर स्वतःला तेच सांगते. सकाळी इथे येते आणि हात उचलत नाही."

सही झाली नाही. निधी परत गेला. चौकशीची नोटीस आली, 'शासकीय निधी व्यपगत होण्यास कारणीभूत', म्हणजे यांच्यामुळे निधी बुडाला, असं त्यात लिहिलं होतं. मेअखेर त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला साहेबांना अलिबागला मीटिंग निघाली. शाल मी घातली. भाषण करा म्हटलं तर म्हणाल्या, "चहा गार होतोय, प्या," आणि खाली बसल्या. पेन्शन तात्पुरती, तीही तुटपुंजी, बाकी सगळं अडकलेलं.

त्यांच्या त्या दोन मागण्या मात्र फायलीत लेखी होत्या, कारणांसकट. पुढे नव्या मुख्याधिकारी बाई आल्या, त्यांना मी ती फाईल नेऊन दिली आणि आकडा बदलून दाखवला. त्यांनी लोकार्पण ठेवलं नाही. आधी तपासणी लावली. बाहेरच्या संस्थेने जे काढलं, त्यापुढे माझा तो एक आकडा म्हणजे काहीच नव्हता.

मॅडमना मी शेवटचं बघितलं ते बँकेत, निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या नोव्हेंबरात. पेन्शनरांना दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्याच्या रांगेत होत्या. वाळल्या होत्या. मियाँ उन्हाळ्यात गेले, हे मला कळलं होतं. मी भेटायला जायला हवं होतं, जमलं नव्हतं. त्यांनी तो विषयच काढू दिला नाही.

"मॅडम, हे आता घरून फोनवर होतं. चेहरा दाखवायचा फक्त. मी करून देते."

"माहीत आहे. केलं होतं. झालं पण." त्यांनी फोन दाखवला, खरंच झालं होतं. "तरी बँकेत विचारायला आलेय, यांच्याकडे पोचलं का ते." काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता पोचलं म्हणून सांगितलं.

"उघडून दाखव बाळा," मॅडम म्हणाल्या.

त्याने वैतागून पडदा वळवला. मॅडम वाकल्या, गळ्यातला चष्मा डोळ्यांना लावला, आपलं नाव सावकाश वाचलं. मग मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला, "चाचा, तुमचंही बघून घ्या," म्हणून सांगितलं आणि कुणाचा हात न धरता बँकेच्या पायऱ्या उतरून रिक्षात बसल्या.

सुनंदाकाकींचे पैसे परत मिळाले नाहीत. मॅडमवरची चौकशी 'दोष आढळला नाही' म्हणून बंद झाली आणि त्यांची पूर्ण पेन्शन सुरू झाली. आमच्या परिषदेची आता एकच वेबसाइट आहे, सरकारी पत्त्यावर, परिषदेच्या मालकीची. जुन्या तिन्ही बंद आहेत. साइट दर वर्षी बाहेरच्यांकडून तपासून घेतात आणि त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद असते. साइटवर कुठल्याही साहेबाचा फोटो नाही. उत्पन्नाचा दाखला अजून तहसीलमधूनच घ्यावा लागतो, पण जन्म-मृत्यूचा दाखला आमच्या गावात घरबसल्या मिळतो.